दोन हातांनी उघडणारा चाकू

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याने मोबाईलवर नऊ चाकूंचे फोटो पाठवले. खाली प्रश्न : "आत्या, यातले दोन घ्यायचेत. एक रोज खिशात ठेवायला, एक संग्रहाला. कोणते घेऊ?"

सत्तरी ओलांडलेल्या, इंझोरीसारख्या गावात राहणाऱ्या निवृत्त मास्तरणीला कोणी असा प्रश्न विचारेल, हे वाचणाऱ्यांना नवल वाटेल. आमच्या घरच्यांना नाही वाटणार. माझ्या पर्समध्ये चाकू असतो हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. लग्नात अक्षतांच्या पुड्यांची सुतळी तुटत नाही, आहेराच्या खोक्याची चिकटपट्टी निघत नाही, की कोणीतरी ओरडतंच, "अरे, आत्याबाईले पाहा कुठं हायेत!" तर भाच्याला म्हटलं, उत्तर लांब आहे, लिहून काढते. तेच हे. बाकीच्यांनीही वाचलं तर हरकत नाही.

आधी त्याच्या नऊ चाकूंबद्दल. त्यातले सहा एका हाताने उघडणारे होते. कुणाच्या पात्याला अंगठ्यासाठी खुंटी, कुणाला भोक, कुणाला मागच्या बाजूने बोटाने ढकलायचा दांडा. एक तर चक्क खटक्याचा. काळी पाती, काळ्या मुठी. उरलेल्या तिघांत दोन स्विस, आणि एक लाकडी मुठीचा फ्रेंच. माझं मत आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. खिशातला चाकू उघडायला दोन हात लागले पाहिजेत. ते सहा घेऊ नकोस.

आता कारण.

माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. माझ्या लहानपणी कित्ता बोरूने गिरवायचा असे. चाळीस पोरं, चाळीस बोरू, आणि ते तासून देणारा चाकू एकच. बाबा बोरूचं टोक आधी निमुळतं करत, मग त्याला तिरका छेद देत, मग मधोमध बारीक चीर पाडत, म्हणजे शाई अडत नाही. तिरका छेद नीट बसला नाही तर बालबोध अक्षराची जाडी-बारीकी बिघडते. हे सगळं दोन पात्यांच्या एका छोट्या घडीच्या चाकूने. मूठ शिंगाची. मोठ्या पात्यावर चांदणी आणि क्रूस असा शिक्का. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची ही खूण, हे मला फार पुढे कळलं. त्या काळी इंग्रजीतून आलेले चाकू-कात्र्या घरात असणं म्हणजे रुबाब होता. इंग्रजीत या चाकूला पेनचा चाकू का म्हणतात, तेही बोरूवरूनच कळतं. तिकडे ते पिसाची लेखणी तासत, आपण बोरू तासत होतो. जुन्या फारशी दप्तरात त्याला कलमतराश म्हणत.

मी एकदा बाबांना विचारलं होतं, हा चाकू उघडायला इतका कडक का? माझ्या नखाने तो उघडत नसे. ते म्हणाले, "दोन हात लागतेत ना, म्हणून तो बंद राह्यते. एक हात रिकामा नसला म्हंजे माणूस इचार करते."

तेव्हा ते मला पटलं नव्हतं. कडक आहे म्हणून काहीतरी सांगताहेत असं वाटलं.

हा चाकू उघडतो कसा ते ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. पात्याच्या वरच्या कडेला एक खाच असते. त्या खाचेत नख घालायचं, दुसऱ्या हाताने मूठ धरायची, आणि ओढायचं. पूर्ण उघडलं की 'टक्' असा आवाज येतो. मिटतानाही येतो. चांगल्या चाकूची परीक्षा निम्मी या आवाजातच आहे. पाटीत ठेवलेल्या चाकूंतला एकेक उचलून कानाशी मिटायचा. जो भुसभुशीत वाजतो तो खाली ठेवायचा. मग पातं उघडून उजेडाकडे धरायचं, चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. हललं तर तोही खाली ठेवायचा.

आणि या पात्याला कुलूप नसतं. हा दोष आहे असं आजकालची मुलं म्हणतात. मला तो गुण वाटतो. असा चाकू ओढून कापायला उत्तम, पण कुणी भोसकायला गेला तर पातं उलटून त्याच्याच बोटांवर मिटतं. म्हणजे तो कामाला तयार असतो आणि भांडणाला नसतो. एका हाताने फटकन उघडणाऱ्या, उघडल्यावर पक्क्या अडकणाऱ्या चाकूला हा भेदच कळत नाही.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत चाकू म्हटलं की रामपुरी. 'वक्त' (१९६५) मध्ये राजकुमारने चाकूवरून जो संवाद फेकला तो पोरं वर्षानुवर्षं म्हणत राहिली. पुढे सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक खलनायकाकडे तो खटक्याचा चाकू असेच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं हे काम, नवाबांच्या आश्रयाने वाढलेलं, नऊ ते बारा इंच पात्याचं. नव्वदच्या दशकात तिकडे साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली आणि धंदा बसला. २०२३ साली त्याच शहराने एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा रामपुरी उभारला. कारागिरी बुडाली, पुतळा झाला! मला त्या कारागिरांबद्दल वाईट वाटतं, त्यांचं लोखंडकाम उत्तमच होतं. पण त्या चाकूने एक नुकसान केलं. खिशात चाकू असणारा माणूस म्हणजे गुंड, हे आपल्या डोक्यात त्याने पक्कं बसवलं. माझ्याही डोक्यात.

ते कसं, तेही सांगते. मी हे आजवर कुठे लिहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका गावच्या हायस्कुलात मी मराठी आणि इतिहास शिकवत होते. नववीच्या वर्गात एका मुलाच्या पिशवीतून चाकू खाली पडला. सगळा वर्ग चिडीचूप. मी तो उचलला. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, थो डोळे भराचा चाकू हाय. मले सांजच्याले लागते." मी म्हटलं, शाळेत चाकू चालत नाही. तो पुन्हा म्हणाला, "बाबाचा हाय बाई." मी ऐकलं नाही. नेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवला. पालकांना घेऊन ये म्हटलं. पालक आले नाहीत. मुलगाही आठ-दहा दिवस आला नाही, मग आला, आणि मागच्या बाकावर बसू लागला. मी वर्षाच्या शेवटी, निकालाच्या दिवशी, त्याला बोलावून चाकू परत दिला. त्याने घेतला, खिशात टाकला आणि "येतो बाई" म्हणून गेला.

डोळे भरणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी ऐकून माहीत होतं, पाहून नव्हतं. पाहिलं पुढे, शेंदुरजना घाटला. (हे अमरावती जिल्ह्यातलं, संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी नावाजलेलं. आमच्या मानोरा तालुक्यातलं शेंदुरजना वेगळं. तिकडे निघालेली माणसं इकडे उतरू नयेत म्हणून सांगितलं.) जंबेरीचं रोप वीतभर उंचीच्या वर गाठायचं. सालीवर इंग्रजी टी सारखी चीर द्यायची, एक आडवी, एक उभी. मग चाकूच्या मुठीच्या मागच्या टोकाला जी बोथट जीभ असते, पितळेची किंवा हाडाची, तिने साल दोन्हीकडून अलगद उचलायची. संत्र्याच्या काडीवरून डोळा ढालीच्या आकारात काढून त्या सालीखाली सरकवायचा आणि पट्टीने बांधायचा. पात्याने साल उचलली तर आतला ओलावा खरवडला जातो आणि डोळा धरत नाही. म्हणून ती बोथट जीभ. हे काम थंडीत चालतं, आणि मजुरी रोपांवर असते, दिवसावर नाही. सराईत माणूस इतक्या भराभर रोपं बांधतो की मला मोजता येईना.

तो बोथट जिभेचा चाकू मी त्याच्या हातात पाहिला आणि माझ्या पोटात कालवलं. शाळेच्या कपाटात पडलेल्या चाकूलाही मागे अगदी तशीच पितळेची जीभ होती. मी ती हाताने चाचपली होती. पुरावा माझ्या मुठीत होता, आणि मी त्या मुलाला खोटं ठरवलं. त्याची सगळी थंडी मी कपाटात कुलूपबंद करून ठेवली होती. तो दहावीला बसला नाही. एका चाकूमुळे शाळा सुटली असं मी म्हणणार नाही, घरची आणखी दहा कारणं असतील. पण त्या दहांत अकरावं मी घातलं, एवढं खरं.

आणि त्याच वर्गात प्रत्येक कंपासपेटीत दाढीचं अर्धं ब्लेड होतं, पेन्सिलीला टोक करायला. मूठ नाही, खाच नाही, दोन्हीकडून उघडी धार. आठवड्याला एकाचं तरी बोट कापत असे. मी स्वतः हळद लावलेली आहे. त्या ब्लेडला आम्ही कधी हत्यार म्हटलं नाही. पिक्चरमध्ये खलनायक ब्लेड काढत नसे ना!

असो.

आपल्या भाषेची गंमत बघा. लेखणी म्हणजे कलम, झाडावर बांधतात तेही कलम, आणि कायद्यातलं तेही कलम. पहिल्या दोन कलमांना चाकू लागतोच, आणि तिसरं त्याच्यावर लक्ष ठेवतं. भाच्या, तू शहरात राहतोस म्हणून हे तिसरं नीट वाच. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरलं आहे, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे आपला तीन इंची चाकू एरवी त्यात बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला पोलीस १९५१ च्या कायद्याचं कलम ३७ लावतात. ते लागू असलं की सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाही मनाई असते, तिथे इंच मोजत बसत नाहीत. त्या दिवसांत तो घरी ठेवावा. विमानाच्या हातातल्या बॅगेत तर कधीच ठेवू नये. माझा एक चांगला चाकू असाच विमानतळावरच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत राहिला. चूक माझीच. पर्स रिकामी करायची विसरले होते.

तर आता त्याच्या उरलेल्या तिघांकडे येऊ.

स्विस चाकूबद्दल मला आदर आहे. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला. १८९१ मध्ये त्याने सैन्याला पहिले चाकू पुरवले. १८९७ मध्ये त्याने ज्या चाकूची नोंदणी केली, तोच आज लाल मुठीचा म्हणून जगभर ओळखला जातो. आईच्या पश्चात त्याने मालाला तिचं व्हिक्टोरिया हे नाव दिलं. १९२१ च्या सुमारास त्याला न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. आईचं नाव चाकूवर! आमच्याकडे चाकू कुणाच्या हातात हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून.

भाच्याने निवडलेल्या दोन स्विसांपैकी एक लठ्ठ आहे, तीसएक अवजारांचा. तो घेऊ नको. खिशात विटेसारखा बसेल, मग कपाटात जाईल. दुसरा आहे तो सव्वादोन इंची छोटा : एक पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, दात कोरायची काडी. माझ्या पर्समध्ये सध्या तोच आहे. खरं सांगायचं तर मी त्याचं पातं जेवढं वापरते त्याहून तिप्पट कात्री वापरते. शेतावर मात्र तो खेळण्यासारखा आहे. सोयाबीनच्या पोत्याची शिवण उसवायची तर पातं मुठीपर्यंत आत जातं आणि शिवण तशीच.

फ्रेंच चाकू आहे ओपिनेल. तिकडच्या साव्वा प्रांतातला, १८९० पासूनचा, शेतकऱ्यांचा. माझ्या नातवाने तिकडून आणून दिला होता, आठ नंबरचा. बीचच्या लाकडाची मूठ, साधं पातं, आणि १९५५ पासून गळ्याशी एक फिरणारं कडं, जे फिरवलं की पातं अडकतं. कुलूप आहे, पण उघडायला दोन हात लागतात, म्हणून माझ्या नियमात बसतो. त्याचं पातं साध्या पोलादाचंही मिळतं आणि न गंजणाऱ्याचंही. साध्या पोलादाचं घे. संत्रं, लिंबू, कांदा कापला की ते काळंनिळं पडतं, ते पडू द्यावं. कापून झालं की पुसायचं एवढंच. धार मात्र कोणत्याही धारेच्या दगडावर चढते. दगड नसेल तर चहाचा चिनी मातीचा कप उलटा करून बुडाच्या खरखरीत कडेवर पातं जवळजवळ झोपवून आठ-दहा वेळा ओढ. एक वाईट गोष्ट सांगते. आपल्या पावसाळ्यात त्याची मूठ फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. जुलैत माझा दोन दिवस उघडलाच नाही. मे महिन्यात विचारू नका, तेव्हा तो माणसापेक्षा सुखी असतो.

आता एका हाताच्या चाकूची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी शाळेत केलं तेच पुन्हा करीन. जो माणूस झाडावर चढून एका हाताने फांदी धरतो, शिडीवर उभा असतो, त्याला दुसरा हात कुठून येणार? त्याला तो चाकू हवाच. आमच्या गोठ्यातलाच प्रसंग. एका रात्री बैलाचं दावं खुंट्याला आणि पायाला असं गुंडाळलं की गळ्याला फास बसला. बैल खाली पडला, डोळे पांढरे केले. कंदील माझ्या हातात होता. बाबा एका हाताने त्याचं शिंग धरून मान वर उचलत होते, आणि दुसऱ्या हाताने खिशातून चाकू काढला. तो त्यांनी उघडला दातांनी. मोठ्या पात्याची खाच दातांत धरून. दावं कापलं, बैल वाचला. त्या क्षणाला एका हाताचा चाकू असता तर बरं झालं असतं, हे मी नाकारत नाही. पण असा क्षण त्यांच्या आयुष्यात एकदा आला. आणि चाकू त्यांच्या खिशात पन्नास वर्षं होता. भाच्या, तुझं काम संगणकावर आहे. तुला झाडावर चढायचं नाही.

संग्रहाचं म्हणशील तर पुण्यातच आहेस. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन नुसते अडकित्ते पाहून ये. केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला दिलं. त्यातली बहुतेक वस्तू कुणाच्या तरी हातची, वापरून गुळगुळीत झालेली आहे. नवेकोरे, खोक्यातून न काढलेले चाकू जमवण्याला मी संग्रह म्हणत नाही, ते दुकान झालं. माझ्या बिस्किटाच्या डब्यात अकरा चाकू आहेत, सगळ्यांची मिळून किंमत तुझ्या एका काळ्या चाकूएवढी होणार नाही. त्यात एक करवतीच्या तुटक्या पात्यापासून घासून केलेला आहे, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. शेंदुरजना घाटच्या त्या रोपवाटिकेतल्या माणसाने दिला. मला विचारलं तर संग्रहातला पहिला नंबर त्याचा.

पहिला, म्हणजे बाबांचा सोडून.

बाबा गेल्यावर शेताची वाटणी झाली. मी हक्कसोडावर सही केली आणि बाबांचा चाकू मागितला. भाऊ हसले. वहिनी म्हणाली, "ताई, चाकू माहेरून नेऊ नका हो, नातं कापते." मी चार आण्याचं नाणं मोठ्या भावाच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "विकत घेतला. आता तं झालं?" ते नाणं त्याने ठेवलं आहे की खर्चलं, मला माहीत नाही. वाचत असशील तर सांग. सहीबद्दल मी कधी काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण एवढं लिहिते, की त्या दिवशी मला काहीतरी मिळालं असं मला वाटलं ते त्या चाकूमुळे. मोठं पातं दगडावर घासून घासून निम्मं उरलं आहे. बिजागरीला वर्षातून दोनदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घालते. अजून कडक आहे. आता माझ्या नखाने पुन्हा उघडत नाही, लहानपणी उघडत नसे तसा. नात उघडून देते.

तर भाच्या, ओपिनेल घे, सहा नंबरचा, आठ तुझ्या खिशाला मोठा होईल. संग्रहासाठी पैसे घालवू नकोस. दिवाळीला इंझोरीला येशील तेव्हा डबा बाहेर काढून ठेवते, बाबांचा सोडून हवा तो उचल. येताना सव्वा रुपया सुटा आण. फुकट देणार नाही.